दृष्टीची मोजदाद : राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची सर्वेक्षणे

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला तो एका आकड्याच्या आधारावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७१ ते १९७४ या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत लोकांचे डोळे तपासले होते आणि अंधत्वाचे प्रमाण १.३८ टक्के असल्याचा निष्कर्ष काढला होता. दर हजार माणसांमागे जवळपास चौदा अंध, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येत ऐंशी-नव्वद लाख माणसे. त्यांच्यापैकी सुमारे ५५ टक्क्यांचे अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणारे होते. अंधत्वाचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर आणायचे, असे ध्येय ठरवून केंद्राने पूर्ण खर्च स्वतः उचलत हा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर कार्यक्रमाने आपली दिशा एखाद्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष हाती आल्यावर बदलली. त्यामुळे या कार्यक्रमाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याने केलेल्या मोजणीचा इतिहास आहे.

अंधांची गणना त्याआधीही होत असे. ब्रिटिश काळातील जनगणनांमध्ये १८८१ ते १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी वेडसर, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची वेगळी नोंद घेतली जाई. प्रगणक दारात येऊन विचारी आणि घरातले सांगतील ते लिहून घेई. त्यात डोळ्यांची तपासणी नव्हती. ‘दोन्ही डोळ्यांनी अंध’ एवढीच कसोटी असल्याने चार हातांवरचे माणूस न ओळखणारी म्हातारीही त्यात येत नसे, आणि कुटुंबाला सांगायचे नसेल तर अंध मूलही नोंदीबाहेर राही. स्वातंत्र्यानंतर पहिली शास्त्रीय मोजणी झाली ती खुपऱ्यांची. १९५६ मध्ये खुपऱ्यांवर प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, त्यापाठोपाठ पाहण्या झाल्या आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशाच्या कोरड्या, धुळीच्या पट्ट्यांत लहान मुलांच्या पापण्यांच्या आत खुपऱ्या सर्रास आढळत. पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासतात आणि उतारवयात बुबुळ पांढरे पडते. १९७६ मध्ये खुपरी कार्यक्रम नव्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात विलीन करण्यात आला.

नव्या कार्यक्रमाला शास्त्रीय आधार दिला तो दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने. १० मार्च १९६७ रोजी स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले प्रमुख डॉ. एल. पी. अगरवाल होते. कार्यक्रम सुरू झाल्यावर हे केंद्र त्याची शिखर संस्था ठरले. शिक्षण, संशोधन आणि रुग्णसेवा ही कामे कोणत्याही मोठ्या रुग्णालयात चालतात. या केंद्राकडे त्यांच्या जोडीला एक वेगळे काम आले : साऱ्या देशाची दृष्टी वेळोवेळी मोजणे.

१९७१-७४ च्या पाहणीतील एक नोंद आवर्जून सांगण्याजोगी आहे. त्या वेळी अंधत्वाच्या कारणांत देवीच्या रोगाचा वाटा सुमारे ३ टक्के होता. देशात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. देवीने डोळे गेलेली माणसे पुढेही बरीच वर्षे होती, पण त्यांत नवी भर पडणे थांबले आणि नंतरच्या सर्वेक्षणांच्या तक्त्यांतून ते कारणच नाहीसे झाले. एका रोगाचे उच्चाटन दुसऱ्याच आजाराच्या तक्त्यात असे दिसून येते.

सुरुवातीच्या दहा वर्षांत कार्यक्रमाचा भर यंत्रणा उभारण्यावर होता. फिरती नेत्रपथके, जिल्हा रुग्णालयांतील नेत्रविभाग, नेत्रपेढ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलेले नेत्र सहाय्यक. हे नेत्र सहाय्यक तक्त्यावर दृष्टी तपासतात, चष्म्याचा नंबर काढतात आणि मोतीबिंदूचा रुग्ण हेरून पुढे पाठवतात. त्यांच्याविना पुढची सर्वेक्षणे झालीच नसती.

१९८६ ते १९८९ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने राष्ट्रव्यापी सर्वेक्षण झाले. राजेंद्र प्रसाद केंद्राचे डॉ. मदन मोहन यांनी त्याचे नेतृत्व केले. निष्कर्ष धक्का देणारा होता. दहा वर्षे काम करूनही अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के निघाले, म्हणजे किंचित वाढलेले, आणि अंधांची संख्या सुमारे १ कोटी २० लाखांवर गेलेली. कार्यक्रम फसला असा अर्थ लावणे सोपे होते. प्रत्यक्षात लोकांचे आयुर्मान वाढले होते आणि मोतीबिंदू हा वयाबरोबर येणारा विकार असल्याने दर वर्षी होणाऱ्या शस्त्रक्रियांपेक्षा नव्याने दृष्टी गमावणाऱ्यांची संख्या जास्त होती. कारणांचे चित्रही पालटले होते. मोतीबिंदूचा वाटा ८०.१ टक्क्यांवर पोहोचला होता आणि खुपऱ्यांचा ०.३९ टक्क्यांपर्यंत खाली आला होता.

याच तक्त्यात ४.६९ टक्क्यांची एक ओळ होती : शस्त्रक्रिया होऊनही अंध. त्या काळी शिबिरात मोतीबिंदू काढताना डोळ्यातले नैसर्गिक भिंग पूर्ण काढून टाकत आणि रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा देत. तो फुटला, हरवला किंवा नंबर जुळला नाही, तर माणूस पुन्हा अंधारात. शिबिरांच्या अहवालात मात्र त्याची नोंद यशस्वी शस्त्रक्रिया म्हणूनच झालेली असे. रुग्णालयाच्या नोंदवहीत कधीच न उमटणारी ही गोष्ट घरोघर जाऊन डोळे तपासल्यानेच कळली. सर्वेक्षणावर पैसा का खर्च करावा, याचे याहून स्पष्ट उत्तर या कार्यक्रमाच्या इतिहासात दुसरे नाही.

या निष्कर्षांतून जागतिक बँकेच्या साहाय्याचा मोतीबिंदू प्रकल्प आकाराला आला. १९९४ ते २००२ या काळात तो आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओरिसा, राजस्थान, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सात राज्यांत चालला. १ कोटी १० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात दीड कोटीहून अधिक झाल्या. जिल्हा पातळीवर अंधत्व नियंत्रण सोसायट्या स्थापन झाल्या, जिल्हाधिकारी त्यांचे अध्यक्ष झाले आणि स्वयंसेवी रुग्णालयांना शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळू लागले. सर्वांत महत्त्वाचा बदल शस्त्रक्रियागृहातला होता. तंबूतल्या शिबिरांऐवजी रुग्णाला रुग्णालयात आणून शस्त्रक्रिया करण्यावर भर आला आणि डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे हळूहळू नित्याचे झाले. प्रकल्प सुरू होताना फार थोड्या रुग्णांना भिंग बसत असे. २००० नंतरच्या दशकात भिंगाविना शस्त्रक्रिया अपवादानेच होऊ लागली.

हा प्रकल्प चालू असतानाच मोजणीची एक नवी पद्धत भारतात घडली आणि इथून जगभर गेली. संपूर्ण सर्वेक्षणाला वर्षे लागतात आणि खर्च अफाट येतो. जिल्हाधिकाऱ्याला हवे असते ते आपल्या जिल्ह्याचे उत्तर, तेही अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी. कार्यक्रमाला डेन्मार्क सरकारच्या ‘डॅनिडा’ या संस्थेचे साहाय्य होते. त्या कामात असलेले डच डॉक्टर हान्स लिम्बर्ग यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९९०च्या दशकाच्या मध्यात जिल्हास्तरीय शीघ्र पाहणीची रीत बसवली. तिचा पाया साध्या निरीक्षणावर होता : टाळता येणारे बहुतेक अंधत्व पन्नाशीनंतर येते. त्यामुळे पन्नास आणि त्याहून अधिक वयाच्या माणसांनाच तपासले, तर नमुना लहान ठेवूनही भरवशाचे उत्तर मिळते. ही रीत पुढे लंडनमध्ये अधिक काटेकोर झाली आणि ‘टाळता येण्याजोग्या अंधत्वाची शीघ्र पाहणी’ म्हणून आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांनी ती स्वीकारली.

पाहणीचे साहित्य एका पिशवीत मावते. पथकात नेत्रतज्ज्ञ, नेत्र सहाय्यक आणि नोंदी घेणारा असतो. आशा किंवा अंगणवाडी सेविका बरोबर असली तर दारे लवकर उघडतात. गावाचा नकाशा काढून त्याचे भाग पाडतात, चिठ्ठीने एक भाग निवडतात आणि त्यातली घरे ओळीने घेतात. पन्नाशीच्या माणसाला अंगणात उजेडात बसवतात, सहा मीटरची दोरी ताणतात आणि दुसऱ्या टोकाला उभा असलेला सहाय्यक एक पत्रा दाखवतो. त्यावर इंग्रजी ‘ई’सारखी तीन दात्यांची खूण असते. दाते वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते तपासणी होणाऱ्याने बोटांनी दाखवायचे. वाचता येण्याची गरज नाही. पाचांपैकी चार वेळा दिशा बरोबर सांगितली की त्या आकाराची खूण दिसते असे धरतात. मोठी खूणही सहा मीटरवरून ओळखता आली नाही, तर सहाय्यक तीन मीटरवर येतो, मग एक मीटरवर. तिथेही जमले नाही तर फक्त बॅटरीचा उजेड जाणवतो का, ते पाहतात. दृष्टी कमी आढळली की बारीक छिद्राच्या पट्टीतून पुन्हा पाहायला लावतात. छिद्रातून नीट दिसले, तर दोष चष्म्याने सुटणारा असतो.

पाहणीतले दोन नियम वरकरणी किरकोळ वाटतात, पण आकड्यांवर त्यांचा मोठा परिणाम होतो. पहिला, दृष्टी माणूस रोज वापरतो त्या अवस्थेत मोजायची : चष्मा असेल तर चष्म्यासह, नसेल तर तशीच. उत्तम चष्मा दिला असता तर किती दिसले असते, हा प्रश्न दवाखान्याचा. समाजाची स्थिती कळायची तर आज काय दिसते तेच मोजले पाहिजे, नाहीतर चष्म्यावाचून अडलेली माणसे आकड्यांतून गळतात. दुसरा नियम कारणांचा. एकाच डोळ्यात मोतीबिंदूही असतो आणि दृष्टिपटलाचा आजारही. अशा वेळी उपचाराने सर्वांत सहज सुटणारे कारण मुख्य म्हणून लिहितात. मोतीबिंदूचा वाटा एवढा मोठा दिसतो त्यामागे हा नियमही आहे, आणि कृतीसाठी मोजणी करायची तर तो रास्तच आहे. घरी न सापडलेल्यांसाठी पुन्हा फेरी मारावी लागते. दिवसा शेतावर जाणाऱ्यांना बहुधा दिसत असते आणि घरी बसलेल्यांना दिसत नसते. घरी भेटतील तेवढ्यांनाच तपासून पथक निघून गेले, तर अंधत्वाचे प्रमाण खोटेच फुगते.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे राष्ट्रीय सर्वेक्षण १९९९ ते २००१ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांत पंधरा जिल्ह्यांमध्ये झाले. या वयोगटात सहा मीटरवरून मोठी खूण न दिसणाऱ्यांचे प्रमाण ८.५ टक्के आढळले आणि सर्व वयांसाठी काढलेला अंदाज १.१ टक्के. घट दिसू लागली होती. त्याच सुमारास हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आंध्र प्रदेशात सर्व वयाच्या १०,२९३ लोकांची सखोल तपासणी केली. तिथले प्रमाण १.८४ टक्के निघाले. निराळी पद्धत, निराळे वयोगट, दृष्टिक्षेत्राचीही तपासणी, त्यामुळे आकडा निराळा. या अभ्यासाने चष्म्याअभावी येणाऱ्या अंधत्वाकडे आणि काचबिंदूकडे लक्ष वेधले. केवळ तक्ता दाखवून दृष्टी मोजली तर काचबिंदू निसटतो, कारण त्यात मधली दृष्टी शेवटपर्यंत टिकते आणि नजर कडेने आक्रसत जाते.

२००६-०७ मध्ये शीघ्र पाहणीची रीत प्रथमच साऱ्या देशासाठी वापरली गेली. सोळा जिल्ह्यांत ४२,७२२ जणांची नोंद झाली आणि त्यांतील ९४.७ टक्के लोकांची तपासणी होऊ शकली. पन्नाशीपुढच्यांत जुन्या कसोटीने अंधत्व ८ टक्के आणि सर्व लोकसंख्येसाठी १ टक्का. ग्रामीण भागात आणि निरक्षरांमध्ये ते जास्त होते. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर या दोन कारणांनीच बहुतेक अंधत्व येत होते.

पुढचा टप्पा कसोटीच्या बदलाचा. १९७६ पासून भारतात ६/६० ही रेषा धरली जाई. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते ज्याला सहा मीटरवरूनही दिसत नाही, तो अंध. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा ३/६० होती, म्हणजे अंध ठरण्यासाठी दृष्टी याच्या निम्म्याहून कमी हवी. २०१७ मध्ये भारताने जागतिक रेषा स्वीकारली. त्याच वर्षी कार्यक्रमाच्या नावात दृष्टिदोष हा शब्द आला आणि तो ‘राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रम’ झाला. कागदावरची व्याख्या बदलून अंध कमी दाखवले, अशी टीका तेव्हा झाली. ती तपासून पाहण्यासारखी आहे आणि त्यासाठी लागणारे आकडे कार्यक्रमानेच प्रसिद्ध केले आहेत.

राजेंद्र प्रसाद केंद्राने २०१५ ते २०१९ या काळात केलेले राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षण आजवरच्या अशा पाहण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक. ३१ जिल्ह्यांत पन्नाशीपुढच्या ९३,०१८ जणांची नोंद झाली आणि ८५,१३५ जणांचे डोळे तपासले गेले. अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक दृष्टी दिनी प्रसिद्ध झाला. नव्या कसोटीने या वयोगटातील अंधत्व १.९९ टक्के आणि साऱ्या लोकसंख्येत ०.३६ टक्के ठरले. याची तुलना आधीच्या १ टक्क्याशी करणे चूक आहे, कारण तो आकडा जुन्या रेषेचा. २००६-०७ ची नव्या रेषेने काढलेली संख्या ०.६८ टक्के येते. म्हणजे खरी घट सुमारे ४७ टक्क्यांची. उलट बाजूनेही पडताळा घेता येतो. या पाहणीत ६/६० आणि ३/६० यांच्या दरम्यान दृष्टी असलेले १.९६ टक्के होते. ते अंधांत मिळवले तर पन्नाशीपुढच्यांत जुन्या रेषेने ३.९५ टक्के होतात, जिथे २००६-०७ मध्ये ८ टक्के होते. कोणत्याही रेषेने मोजले तरी अंधत्व जवळपास निम्म्यावर आले आहे. व्याख्येच्या बदलामुळे या यशावर नाहक सावली पडली. दोन्ही रेषांचे आकडे शेजारी शेजारी छापण्याची प्रथा पहिल्या दिवसापासून पाडली असती, तर ती पडलीच नसती.

सरासरीच्या आड मोठी दरी मात्र आहे. केरळमधील थ्रिसूर जिल्ह्यात पन्नाशीपुढच्यांचे अंधत्व १.०८ टक्के, तर उत्तर प्रदेशातील बिजनौरमध्ये ३.६७ टक्के. निरक्षरांत ते ३.२३ टक्के आढळले. कारणांत मोतीबिंदू अजूनही ६६.२ टक्के. बुबुळावरील फूल सुमारे ८ टक्के. तिसऱ्या क्रमांकाचे कारण ७.२ टक्क्यांचे : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत. १९८६-८९ च्या तक्त्यातली ‘शस्त्रक्रिया होऊनही अंध’ ही ओळ जाड चष्म्यांचा काळ सरल्यावरही वेगळ्या रूपात टिकून आहे. देशात आता दर वर्षी साठ लाखांवर मोतीबिंदू शस्त्रक्रिया होतात. एवढ्या संख्येत दर्जातली थोडी कसरही हजारो डोळ्यांची किंमत घेते, त्यामुळे या ओळीकडे कार्यक्रमाने सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. पन्नाशीच्या आतल्या लोकांची काही जिल्ह्यांत वेगळी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात अंधत्वाचे पहिले कारण बुबुळाचे विकार असल्याचे दिसले. नेत्रदान आणि नेत्रपेढ्यांचे महत्त्व या वयोगटात सर्वाधिक आहे.

याच काळात दोन स्वतंत्र पाहण्या झाल्या. खुपऱ्यांची पाहणी २०१४ ते २०१७ दरम्यान झाली. जोखमीच्या भागांत दहा वर्षांखालील मुलांमधील संसर्गाचे प्रमाण ०.७ टक्के आढळले. सार्वजनिक आरोग्याची समस्या ठरण्यासाठी ते ५ टक्के किंवा अधिक असावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये देश संसर्गजन्य खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याची घोषणा झाली आणि आणखी तपासण्यांनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९५६ मध्ये सुरू झालेल्या कामाची ही पूर्तता.

दुसरी पाहणी मधुमेहाची. २०१५ ते २०१९ मध्ये २१ जिल्ह्यांत पन्नाशीपुढच्या लोकांची रक्तशर्करा आणि दृष्टिपटल दोन्ही तपासले गेले. मधुमेह ११.८ टक्के लोकांत आढळला. त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के जणांच्या दृष्टिपटलावर परिणाम झालेला होता आणि ३.६ टक्के जणांची दृष्टीच धोक्यात होती. मोतीबिंदूत गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. मधुमेहाने दृष्टिपटलातून गेलेली बहुतेकदा येत नाही, म्हणून ती जाण्याआधी, काहीही तक्रार नसताना, डोळ्याच्या आतले छायाचित्र काढून हेरावी लागते. तक्ता, दोरी आणि बॅटरी या साहित्याने हे जमत नाही. कॅमेरा लागतो, तो चालवणारा लागतो आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाशी जोडणी लागते.

जनगणनेचे आकडे या सर्वेक्षणांशी जुळत नाहीत आणि ते का जुळत नाहीत, हे जाणून घ्यायला हवे. २००१ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या १ कोटी ६ लाखांवर होती, २०११ मध्ये ती ५० लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत निम्मी माणसे डोळस झाली नव्हती. एकाच डोळ्याने दिसणारा माणूस २००१ मध्ये अपंगांत मोजला गेला होता, २०११ च्या प्रश्नात तो वगळला गेला. शिवाय दोन्ही वेळा उत्तर घरच्यांच्या तोंडचे होते, तपासणीचे नव्हते. पेन्शन, प्रमाणपत्र आणि शिक्षणाच्या सोयी ठरवताना जनगणनेची संख्या उपयोगी पडते. शस्त्रक्रियागृहे आणि चष्म्यांची गरज ठरवायला ती अपुरी आहे.

जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये २०३० पर्यंतची दोन उद्दिष्टे ठरवली. चष्म्याची परिणामकारक व्याप्ती ४० टक्के-गुणांनी आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेची परिणामकारक व्याप्ती ३० टक्के-गुणांनी वाढवायची. इथे किती शस्त्रक्रिया झाल्या याला किंमत नाही. ज्यांना गरज होती त्यांच्यापैकी किती जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसू लागले, हे मोजायचे आहे. त्याबरोबर चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होणे, म्हणजे सुईत दोरा ओवता न येणे किंवा तांदूळ निवडता न येणे, हाही आता मोजणीचा विषय झाला आहे. दूरच्या तक्त्यावर ज्यांची दृष्टी ठीक निघत होती, अशा शिंपीकाम, विणकाम करणाऱ्या लाखो माणसांची अडचण आजवरच्या तक्त्यांत फारशी उमटली नव्हती. पुढच्या फेरीत पथकाच्या पिशवीत सहा मीटरच्या दोरीबरोबर हातभर अंतरावर धरायचा छोटा तक्ताही असावा लागेल.